बॅन्फमध्ये माउंटन बाइकिंग: आधी तारीख बघा, मग ट्रेल

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस मुक्काम आहे. नवरा, बायको आणि पंधरा वर्षांचा मुलगा, तिघंही सायकल चालवणारे. बापलेकांना सिंगलट्रॅकची (एका सायकलीपुरत्या अरुंद वाटेची) सवय आहे, आईला रुंद वाटेवरचा लांब पल्ला आवडतो. लेक मिनेवांका या तळ्याच्या काठची ट्रेल करायचीच असं ठरलंय. बाकी कोणत्या ट्रेल कराव्यात, सायकल कोणती घ्यावी आणि अस्वलांचं कितपत मनावर घ्यावं?

मिनेवांका होणार नाही, हे आधीच सांगतो. दर वर्षी १० जुलै ते १५ सप्टेंबर या काळात स्टुअर्ट कॅन्यनच्या पुढे त्या ट्रेलवर सायकलींना बंदी असते. चालत जायचं तरी किमान चार जणांचा गट लागतो, तोही पांगलेला नाही, घोळक्यानं चालणारा, आणि बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) जवळ असावाच लागतो. हा सल्ला नाही, कायदेशीर आदेश आहे. मोडला तर दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही तिघं, म्हणजे चालत जायलाही एक माणूस कमीच. (ऑगस्टमध्ये तिथल्या पार्किंगमध्ये चौथ्या भिडूच्या शोधात उभी असलेली माणसं हमखास दिसतात, आणि अनोळखी लोकांचे गट जमतातही.)

कारण आहे बफेलोबेरी. गुडघ्या-कमरेएवढं झुडूप, त्याला मण्यांएवढी लाल फळं. माणसाच्या जिभेला कडवट लागतात, पण ग्रिझलीसाठी (इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलासाठी) हा वर्षातला सगळ्यात मोठा मोसम. जुलैच्या मध्याला फळ पिकायला लागतं आणि हिवाळ्यासाठी चरबी साठवायची अस्वलाची धडपड सुरू होते. भर मोसमात एक ग्रिझली दिवसाला दोन लाखांपर्यंत फळं खाऊ शकते, असं पार्क्स कॅनडाचे (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे) लोक सांगतात. तेवढी फळं खायची तर दिवसभर मान खाली घालून ओरबाडत राहावं लागतं, आणि अशा वेळी त्या जनावराचं आजूबाजूला लक्ष नसतं. त्यात या झुडपाला ऊन लागतं. दाट जंगलात ते खुरटतं. जिथे झाडं कापून वाट केलेली आहे, तिथे दोन्ही कडांना जोमानं वाढतं. म्हणजे जी वाट सायकलीला सोयीची, तीच अस्वलाच्या जेवणाची जागा.

म्हणून बॅन्फमध्ये ट्रेल निवडताना मी ‘सोपी की अवघड’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न: तारीख कोणती? तीच वाट जूनच्या मध्याला फिरायला उत्तम असते, जुलैच्या शेवटी बंद असते आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खुली होते. तीही वर्षातल्या सर्वांत सुंदर दिवसांत.

नकाशा बघून लोकांना वाटतं, ६,६४१ चौरस किलोमीटरचं पार्क, एक वाट बंद तर दुसरी. पण त्यातला बहुतेक भाग खडक, बर्फ आणि उभे कडे आहेत. राहण्या-चरण्याजोगी जमीन म्हणजे दऱ्यांचे तळ, त्यातही मुख्यतः बो नदीची दरी. १८८५ मध्ये इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती राखीव जागा जाहीर झाली, त्याच्या आधीच रेल्वे येऊन पोचली होती. आज त्या एका चिंचोळ्या पट्ट्यात गाव आहे, रेल्वे आहे, ट्रान्स-कॅनडा हायवे आहे, सायकलच्या बहुतेक ट्रेल आहेत आणि जनावरांची ये-जाही आहे. पार्कमध्ये ग्रिझली साधारण ६५ आहेत, त्यातल्या बऱ्याच जणींचा वावर आपल्याच वाटेच्या आसपास असतो. हायवेच्या दोन्ही बाजूंना कुंपण आणि मध्ये जनावरांसाठी बांधलेले ४४ पूल आणि भुयारी मार्ग दिसतील, ते या गर्दीपायीच.

तारीख बदलता येत असेल तर मिनेवांकाबद्दल चार शब्द, कारण ती ट्रेल खरंच तशी आहे. सुरुवात पिकनिकच्या जागेतून रुंद, मळलेल्या वाटेनं होते. दीड किलोमीटरवर स्टुअर्ट कॅन्यनचा पूल लागतो, आणि पुलापलीकडे लगेच मुळांनी भरलेला चढ. पुढे वाट तळ्याच्या उत्तर काठानं वरखाली होत जाते. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार, त्यामुळे इथे बर्फ लवकर वितळतं आणि मेच्या शेवटी वाट बऱ्यापैकी कोरडी असते. काही ठिकाणी चुनखडीच्या फुटलेल्या दगडांचा उतार आडवा ओलांडावा लागतो. वाट हँडलबारपेक्षा जेमतेम रुंद, डाव्या हाताला घसरणारे दगड, उजव्या हाताला थेट पाणी. तिथे नजर पाण्याकडे गेली की चाकही तिकडेच जातं. दहा मीटर पुढच्या वाटेवरच डोळे ठेवायचे. काठावरच्या कॅम्पसाइटना एलएम ८, एलएम ९, एलएम ११ अशी नावं आहेत. आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं साधारण अंतर. दिवसभराच्या सहलीसाठी एलएम ११ वरून मागे फिरणं बहुतेकांना पुरेसं होतं. तळं जवळपास २१ किमी लांब आहे आणि आज दिसतं तेवढं ते पूर्वी नव्हतं. १९४१ च्या धरणानं पाण्याची पातळी सुमारे ३० मीटर चढली आणि काठावरची मिनेवांका लँडिंग नावाची पर्यटकांची वस्ती पाण्याखाली गेली. आता तिथे पाणबुडे उतरतात.

जुलैअखेरच्या तुमच्या चार दिवसांकडे येतो.

पहिला दिवस गावाजवळच काढा. टनेल माउंटनच्या पूर्वेला टनेल बेंचचा भाग आहे. तिथे लहान-लहान सिंगलट्रॅकचं जाळं आहे आणि हुडू म्हणजे झिजून उभे राहिलेले मातीचे सुळके बघायची जागाही तिथेच. ‘स्टार वॉर्स’ आणि ‘टॉप नॉच’ ही तिथल्या ट्रेलची नावं ऐकाल. मुलगा टॉप नॉचवर खूश होईल: उतार तीव्र, मुळं उघडी, एक-दोन ठिकाणी खडकाच्या पायऱ्या. आईला बेंचवरची सपाट वाट पुरते. दोन तासांत सगळं आटोपतं, म्हणून भाड्याची सायकल अंगाला बसते की नाही हे इथेच तपासायचं. सीट दोन सेंटिमीटर खाली आहे हे गावाजवळ कळलं तर पाच मिनिटांचं काम. दरीत दहा किलोमीटर आत कळलं तर गुडघे दिवसभर बोलत राहतात. एक लक्षात ठेवा, टनेल माउंटनच्या माथ्यावर जाणारी वाट फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. तिथे सायकल ढकलत नेली तरी रेंजर हटकतो.

दुसऱ्या दिवशी गोट क्रीक. तिघांना मिळून एकच ट्रेल करायची म्हटलं तर मी हीच सांगेन. सुरुवात पार्कच्या बाहेर, कॅनमोर गावाच्या वर स्प्रे लेक्स रोडवर आहे. शेवट बॅन्फ गावात, बॅन्फ स्प्रिंग्स या जुन्या किल्लेवजा हॉटेलाच्या पाठीमागे. अंतर १८-१९ किमी, एकूण उतार साधारण ३०० मीटर, वाट बहुतेक ठिकाणी गाडीरस्त्याएवढी रुंद. ‘सगळा उतारच आहे’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ओढ्यांवर पूल आहेत, आणि प्रत्येक पुलाकडे खाली उतरलं की पलीकडे खडी मुरमाचा छोटा पण दमवणारा चढ आहे. पुलाच्या लाकडी फळ्या सकाळी दवानं ओल्या असतात. त्यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही, आधीच वेग कमी करून सरळ जायचं. गोट क्रीकचा ओढा स्प्रे नदीला मिळाला की दरी उघडते आणि उरलेली वाट नदीच्या सोबतीनं जाते.

सुरुवातीच्या जागेपर्यंत पोचायचं कसं, हा यातला खरा प्रश्न. कॅनमोरहून वर जाणारा रस्ता खडीचा आणि चांगलाच चढाचा आहे. सायकलनं चढता येतो, पण धूळ आणि गाड्यांमुळे मजा नाही. एकानं गाडीनं सोडलं तर उत्तम. गाडी तिथे उभी करून ठेवायची असेल तर कनानास्किस कन्झर्व्हेशन पास लागतो. तो अल्बर्टा प्रांताचा आहे, नॅशनल पार्कच्या पासशी त्याचा संबंध नाही. दोन्ही हद्दींत फिरणाऱ्याला दोन्ही पास बघावे लागतात. बॅन्फमध्ये उतरल्यावर पाय शिल्लक असतील तर लेगसी ट्रेलनं परत कॅनमोरला या. डांबरी, हायवेच्या कडेनं जाणारी, बॅन्फपासून कॅनमोरपर्यंत २२ किमीच्या आसपास. हायवेचा आवाज कानात भरतो खरा, पण पूर्ण फेरी सायकलवर झाल्याचं समाधान मिळतं. आईला कंटाळा आला तर कॅनमोर-बॅन्फ बस आहे. काही गाड्यांना पुढे सायकलचे रॅक असतात.

गोट क्रीक आणि स्प्रेवर तुमच्या तारखांना बफेलोबेरी असतेच. मिनेवांकासारखी ठरलेली बंदी तिथे नाही, पण अस्वल मुक्काम ठोकून बसलं की पार्क्स कॅनडा त्या दिवसापुरती किंवा त्या आठवड्यापुरती वाट बंद करतं. म्हणून आदल्या रात्री आणि निघण्याआधी सकाळी त्यांच्या वेबसाइटवरची सूचनांची यादी बघा, नाहीतर बॅन्फ अव्हेन्यूवरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा. सुरुवातीच्या खांबावर बंदचा फलक दिसला तर तिथूनच मागे फिरायचं. ‘आत्ता तर कोणी दिसत नाही’ हा तर्क त्या फलकापुढे चालत नाही.

स्प्रे रिव्हरची वेगळी फेरीही आहे, साधारण १२ किमी, एका काठानं जायचं, दुसऱ्यानं यायचं. गोट क्रीक केली असेल तर तिची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी रेडअर्थ क्रीक सुचवतो. ही वेगळ्या जातीची सहल आहे: सायकल हे इथे पोचायचं साधन. ट्रान्स-कॅनडा हायवेवर सनशाइन या स्कीइंगच्या जागेकडे जाणाऱ्या फाट्यापुढे तिची सुरुवात आहे. कुंपणाचं फाटक उघडून आत जायचं आणि मागे लक्षात ठेवून लावायचं. फाटक उघडं राहिलं तर एल्क (मोठ्या जातीची हरणं) थेट हायवेवर येतात. वाट म्हणजे वणवा विझवायला जायचा जुना गाडीरस्ता. एका लयीत चढत राहतो, कुठेच फार अवघड नाही, कुठेच फार सोपा नाही. साधारण १० किमीवर सायकली लावायला रॅक आहे, त्यापुढे सायकल न्यायला मनाई. सायकल कुलूप लावून ठेवायची, बूट बदलायचे असतील तर बदलायचे, आणि तीन-चार किमी चालत शॅडो लेकवर जायचं. मागे माउंट बॉल, त्याच्या अंगावर हिमनदी, समोर स्थिर पाणी. पायी हाच पल्ला जायचा-यायचा म्हटलं तर २८ किमीच्या वर जातं आणि बहुतेक लोक टाळतात. सायकलमुळे तो एका दिवसात आरामात बसतो.

परतीचा दहा किलोमीटरचा उतार मात्र पार्कमधला सर्वांत फसवा. चढताना तास-दीड तास घेतलेला रस्ता उतरताना अर्ध्या तासाच्या आत संपतो. रुंद वाट, हाताखाली डिस्क ब्रेक, मुलगा पुढे. शेजारी ओढा गर्जत असतो, त्यात टायरचा आवाज विरून जातो. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि तिथे जो कोणी असेल त्यालाही तुम्ही ऐकू येत नाही.

अस्वलांचं किती मनावर घ्यावं, याचं उत्तर या उतारावरच आहे. चालणारा माणूस ताशी चार किलोमीटरनं येतो, बोलत येतो. जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळतो. सायकलवाला ताशी पंचवीसनं, जवळजवळ मुक्यानं येतो. ग्रिझली सायकलवाल्याची शिकार करायला बसलेली नसते. ती दचकते. आणि दचकलेल्या ग्रिझलीकडे, त्यातही पिल्लं सोबत असलेल्या मादीकडे, विचार करायला आपल्याइतकाच कमी वेळ असतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कच्या हद्दीला लागून असलेल्या जंगलात एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझलीवर आदळला आणि त्यात त्याचा जीव गेला. चौकशीत मुद्दा निघाला तो वेगाचा आणि कमी दिसणाऱ्या वळणाचा. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. असे प्रसंग फार दुर्मिळ आहेत. पण त्यांतला वेग हा भाग आपल्या हातात असतो.

तेव्हा नियम साधे ठेवा. पुढे मुलगा नाही, तुम्ही. तिघांमध्ये अंतर एवढंच की साध्या आवाजात बोललेलं ऐकू येईल. पुढचं दिसत नाही अशा प्रत्येक वळणाआधी ब्रेक आणि मोठ्यानं हाक. काय ओरडता याला महत्त्व नाही, माणसाचा आवाज हवा. दुकानात छोट्या घुंगरांसारख्या ‘बेअर बेल’ मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका. ओढ्याच्या खळखळाटात त्या तुम्हालाच ऐकू येत नाहीत, पार्क्स कॅनडाही त्यांच्यावर विसंबू नका असंच सांगतं. दोन्ही कानांत इयरफोन घालून येणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

वाटेवर खुणा वाचायला शिका. अस्वलाची विष्ठा जूनमध्ये हिरवट आणि गवताच्या तंतूंची असते. बफेलोबेरीच्या दिवसांत ती लालसर, सैल, आणि तिच्यात अर्धवट पचलेली फळं आणि बिया अख्ख्या दिसतात. चकाकत असेल, माश्या बसलेल्या असतील, कडा सुकलेल्या नसतील तर ताजी समजा. एका किलोमीटरमध्ये असे दोन-तीन ढीग दिसले आणि कडेच्या झुडपांवर लाल फळ लगडलेलं असेल, तर मी तिथून मागे फिरतो. बंदचा फलक असो वा नसो.

समोर अस्वल आलंच तर उतरा, सायकल मध्ये ठेवा, एकत्र या, शांत आवाजात बोला आणि पाठ न फिरवता मागे सरका. सायकलवर बसून पळायचा विचार करू नका; तुटक वाटेवर ते तुमच्यापेक्षा वेगवान आहे. दिसलं आणि लांब असलं तरी अस्वल, लांडगा, कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० मीटर, आणि एल्क, हरणं, डोंगरी मेंढ्या यांच्यापासून ३० मीटर हे पार्कचं अंतर आहे. एल्कला गाईसारखं समजू नका. मे-जूनमध्ये पाडस असलेली मादी आणि सप्टेंबरमध्ये माजावर आलेला नर, दोघंही अंगावर येतात.

बेअर स्प्रे प्रत्येकाकडे वेगळा हवा आणि तो अंगावर हवा. बॅगेत नाही, आणि माझ्या मते फ्रेमवरच्या बाटलीच्या जागीही नाही. पडलात की सायकल एकीकडे, तुम्ही दुसरीकडे, आणि डबा सायकलसोबत. कमरेच्या पट्ट्यावर पुढच्या बाजूला, ज्या हातानं काढणार त्या बाजूला लावा. पाठीच्या कण्याजवळ किंवा बरगडीवर नको. पडल्यावर धातूचा डबा तिथेच रुततो. मारा साधारण पाच-सहा मीटरचा. म्हणजे अस्वल चालून येत असताना बराच वेळ थांबावं लागतं, आणि हेच अवघड आहे. तोंडाकडे, थोडं खाली रोखून, म्हणजे ढग तयार होईल आणि ते त्यात शिरेल. हॉटेलच्या अंगणात तिघांनी डबा काढणं आणि अंगठा सेफ्टी क्लिपवर नेणं पाच-दहा वेळा करून बघा, क्लिप न काढता. तारीख उलटून गेलेला डबा घेऊ नका. दाब कमी झालेला असतो.

चौथ्या दिवशी बापलेकांना खरं तांत्रिक सिंगलट्रॅक हवं असेल तर पार्कमध्ये शोधू नका. कॅनमोरच्या नॉर्डिक सेंटरला जा. १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेली ही जागा पार्कच्या हद्दीबाहेर आहे. उन्हाळ्यात तिथे सायकलसाठी आखलेल्या, खुणा केलेल्या ट्रेलचं मोठं जाळं असतं: मुळं, खडक, उड्या, सगळं. बॅन्फमधल्या वाटांना लोक ‘सोप्या आहेत’ म्हणून नाकं मुरडतात. पण त्या वणव्याच्या गाड्यांसाठी, घोड्यांसाठी, खाणीसाठी पडलेल्या वाटा आहेत. सायकलचा विचार करून आखलेल्या फार थोड्या. त्यांच्याकडून बाइक पार्कची अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली. आईला त्याच दिवशी लेक लुईझला सोडता आलं तर तिथली ट्रामलाइन बघण्यासारखी आहे. १९१२ ते १९३० या काळात स्टेशनावरून तळ्याकाठच्या हॉटेलपर्यंत प्रवासी नेणाऱ्या छोट्या ट्रामचा तो मार्ग. रूळ गेले, सौम्य चढ राहिला, साडेचार किलोमीटर. मोरेन लेकचा रस्ता २०२३ पासून खासगी गाड्यांना बंद आहे, सायकलला खुला; मात्र बसेस चालू असतात आणि चढ लांबचा आहे.

एक इशारा नकाशांबद्दल. फोनवरच्या अॅपमध्ये आणि सायकलस्वारांच्या हीटमॅपमध्ये (कोण कुठून गेलं ते दाखवणाऱ्या नकाशात) बॅन्फभोवती भरपूर रेषा दिसतील. रेषा दिसते म्हणजे परवानगी आहे असं नाही. पार्कमध्ये सायकल फक्त नेमून दिलेल्या वाटांवर चालते. वाटेबाहेर जाणं, नवी वाट पाडणं, जुनी बेकायदा वाट वापरणं, सगळं गुन्ह्यात येतं. त्यातल्या कित्येक रेषा जनावरांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यांतून जातात. पार्क्स कॅनडाच्या यादीत नाव असलं तरच जा. ई-बाइक घेणार असाल तर तिची यादी वेगळी बघा: पेडल मारल्यावरच मदत करणारी ठरावीक ट्रेलवर चालते, थ्रॉटलवाली नाही.

घोडे भेटतील, विशेषतः स्प्रे आणि सनडान्स या ट्रेलच्या बाजूला. लांबूनच थांबा, सायकलवरून उतरा, वाटेच्या खालच्या अंगाला उभे राहा आणि घोडेस्वाराशी बोला. हेल्मेट घातलेला, गप्प उभा असलेला प्राणी घोड्याला ओळखीचा वाटत नाही. आवाज ऐकला की माणूस आहे हे त्याला कळतं.

सायकलचं म्हणाल तर गोट क्रीक, रेडअर्थ, ट्रामलाइन यांना चांगली २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) पुरून उरते. टॉप नॉच आणि नॉर्डिक सेंटरसाठी बापलेकांनी १२०-१४० मिमीपर्यंत दबणारी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली) घ्यावी. आईसाठी उगाच जड सायकल नको. टायर ट्यूबलेस आहेत का विचारा. चुनखडीचे दगड धारदार असतात आणि ट्यूब असलेल्या टायरला दगडाच्या कडेवर दुहेरी भोक पडतं. सोबत एक ट्यूब, पंप, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि त्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा). शेवटची गोष्ट भाड्याच्या दुकानात मागा, बहुतेकदा कोणी मागत नाही म्हणून ते देत नाहीत. रेडअर्थला जाण्याआधी ब्रेक पॅडची जाडी बघा. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

हवा. जुलैअखेरही सकाळी सात वाजता तापमान एक आकडी असू शकतं आणि दुपारी पंचविशीला जातं. दुपारनंतर वीज-पाऊस येतो, म्हणून शॅडो लेकला सकाळी लवकर निघा. प्रत्येकाकडे पातळ पावसाळी जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे असू द्या. ओल्या अंगानं दहा किलोमीटर उतरताना बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबला जात नाही. वणव्यांच्या धुराचे दिवसही याच काळात येतात. हवेच्या दर्जाचा आकडा वाईट असेल तर चढाची ट्रेल त्या दिवशी सोडून द्या. ओढ्याचं पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्या, कितीही नितळ दिसलं तरी. फोनला गावाबाहेर बऱ्याच दऱ्यांत रेंज नाही, म्हणून रेडअर्थसाठी सॅटेलाइट मेसेंजर जवळ असेल तर बरं. नसेल तर कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू हे हॉटेलात कोणाला तरी सांगून निघा.

आणि चिखल लागला तर त्याच्या मधून जा, कडेनं नाही. कडेनं गेलेल्या प्रत्येक चाकानं वाट रुंद होते, झुडपं मरतात, आणि पुढच्या पावसात पाणी त्या नव्या खाचेतून वाहतं. फार चिखल असेल तर ती ट्रेल दोन दिवसांनी करा.

बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. बॅन्फमध्ये तो भाड्यानंही मिळतो. चार दिवसांसाठी तीन डबे विकत घेऊन विमानतळावर टाकून देण्यापेक्षा तसेच घ्या, आणि घेताना कमरेला लावायचा पट्टा सोबत मागा.